दम पुरावा म्हणून

"दम्याचा पंप हिला महिनाभर पुरतच नाही. सवय लागलीय नुसती," दवाखान्यात शेजारी बसलेल्या बायकोकडे न बघता आबा पुटपुटले.

डॉक्टरीणबाईंनी माईंना पंप घेऊन दाखवायला सांगितलं. माईंनी तो हलवला, श्वास पूर्ण सोडला, औषध आत ओढलं आणि ओठ मिटून धरले. कुठेच चूक नव्हती. "मग छाती दर वेळी आणखी खराब कशी होते?" बाईंनी विचारलं. "घरात कुणी बिडी ओढतं?"

"आमच्यात सुपारीचंही व्यसन नाही," आबा ताठ बसत म्हणाले. सोबत आलेल्या लेकानं रस्त्यावरच्या धुळीला दोष दिला.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली नवी सून खोकली. पदर तोंडाशी धरून, बराच वेळ. माईंनी तो खोकला ओळखला. त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती.

"चूल फुंकायला दम पुरावा म्हणून मी आधी पंप घेते, बाई," त्या म्हणाल्या. "गॅस आहे घरात, विणलेला रुमाल घालून झाकून ठेवलेला. यांना त्यावरची भाकरी गोड लागत नाही."