एकही तपशील न सुटलेलं चरित्र

"सर, तुमच्या नेत्याच्या बायकोचं नाव लिहायचं राहिलंय," कुमुदताईंनी प्रूफावरून नजर न उचलता सांगितलं.

त्या बावीस वर्षं मुद्रितशोधक होत्या. थोर पुढाऱ्यांची नावाजलेली चरित्रं त्यांच्याइतकी बारकाईनं कुणी वाचली नसतील, आणि ती लिहिणाऱ्यांची इतकी कीवही कुणाला आली नसेल. शंभर वर्षांपूर्वीच्या पुढाऱ्याचं हे नवं चरित्र तर साडेसातशे पानांचं होतं. त्यातली तीन पानं त्याच्या पांढऱ्या घोड्यानंच खाल्ली होती. बायकोच्या वाट्याला एक वाक्य आलं होतं : 'दरम्यान त्यांचा विवाह झाला.'

"अहो ताई, हे राजकीय चरित्र आहे," चरित्रकार हसले. "तिच्या नावानं काय फरक पडणार?"

"तेही खरंच," ताई म्हणाल्या, आणि सरांची पाठ वळताच त्यांनी ते वाक्यही खोडून टाकलं.

पुस्तक गाजलं. चार मुलांचा बाप असलेला नेता त्यात बिनलग्नाचाच राहिला होता, तरी परीक्षकांनी 'एकही तपशील न सुटलेलं चरित्र' म्हणून पुरस्कार दिला. कुणीतरी ती चूक पकडेल म्हणून ताई वर्षभर वाचकांच्या पत्रांची वाट पाहत राहिल्या.

शेवटी एक पत्र आलं, चांगलं चार पानी, संतापून लिहिलेलं. ते हातात घेऊन सर धावतच आले.

"कुमुदताई, अब्रू गेली हो! दुसऱ्या आवृत्तीत आधी हे दुरुस्त करा. घोडा पांढरा नव्हता, अबलख होता!"