सख्खा मामा

सरहद्दीवरच्या नाक्याचा दांडा वर गेला आणि मामा दोन्ही हात पसरून पुढे आला. "आलीस गं सोनू! किती शोधलं तुला!"

अलीकडच्या फौजदारबाईंनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. कोळंबी सोलायच्या शेडमध्ये कोंडलेल्या या पोरीला त्यांनीच कुलूप फोडून बाहेर काढलं होतं. तिच्या बोटांची सालं अजून निघत होती.

"सोपवा आता," पलीकडच्या फौजदारबाई म्हणाल्या. मामाला त्याच घेऊन आल्या होत्या. "घरचा माणूस आहे."

पोर निमूट चालत गेली, मामाच्या मिठीत शिरली आणि तिने त्याच्या कानाचा लचका तोडला.

मामा गुरासारखा ओरडला. झिंज्या धरून त्याने तिचं डोकं खांबावर आपटलं. ती खाली पडली, तशी पोटात लाथ घातली. "तोंड उघडलंस तर त्याच शेडमध्ये नेऊन गाडीन!"

दोघी फौजदारबाई धावता धावता थबकल्या.

"शेडचं तुम्ही सांगितलंत याला?" अलीकडच्या बाईंनी विचारलं.

"मलाच कुठे ठाऊक होतं?"

"यानेच मला शेडवाल्यांच्या गाडीत बसवलं," जमिनीवरून पोर म्हणाली.

मामाने दांड्याखालून अलीकडे धूम ठोकली. पलीकडच्या बाईंची हद्द तिथे संपत होती, हे त्याला चांगलंच माहीत होतं. पण अलीकडच्या बाईंची काठी त्याच्या गुडघ्यावर बसली. कडकन आवाज आला. मामा कोलमडला, कोपरांवर सरपटत मागे फिरला. दांड्यापलीकडे त्याचा हात पोचला आणि त्यावर बूट पडला.

"हा तुमचा की आमचा?" पलीकडच्या बाईंनी बुटाखालची बोटं रगडत विचारलं.

"दोघींचा," अलीकडच्या बाई धापा टाकत म्हणाल्या आणि त्याचा दुसरा हात पाठीमागे पिरगाळून त्यांनी बेडी अडकवली.

शिपायांनी त्याला फरफटत नेलं. रस्त्यावर रक्ताचा ओघळ राहिला.

"हिला आता कुठे पाठवायचं?" पलीकडच्या बाई हळूच म्हणाल्या.

अलीकडच्या बाई पोरीसमोर उकिडव्या बसल्या. "तूच सांग, बाळा. कुठे जायचंय तुला?"

पोर आळीपाळीने दोघींची तोंडं बघत राहिली. मग तिने एक हात डोक्यावर आडवा धरला.

"चुकीचं सांगितलं तर माराल?"