पिठाचं बोट

"माझ्या अम्माने फोनवरून पापड मागवले, तरच तुझी वेबसाइट पास," पापडवाला शेठ ऋतिकाला म्हणाला. कॅम्प तीनच्या बाजारातलं तिचं पहिलंवहिलं काम, आणि शेठने आधीच दोन डिझायनर हाकललेले! अम्माने पिठाने माखलेलं बोट पापडाच्या चित्रावर टेकवलं. काहीच झालं नाही. पुन्हा टेकवलं. ऑर्डरचं बटण पार खाली होतं, फिकट राखाडी, मोहरीएवढं. डिझाइन करताना ऋतिकाला तेच भारी वाटलेलं. "मेरे से बिगड गया क्या, बेटी?" अम्माने बोट मागे घेतलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर ऋतिका सुटली असती. "नाही अम्मा, तुम्ही बरोबरच दाबलंत. बनवताना मीच चुकले." गेलं काम! तिने बॅग उचलली. "किधर चली?" शेठ म्हणाला. "बटण मोठं कर. आधीचे दोघं अम्मालाच शिकवत बसले होते."