तीनदा बेल

लांबूनच ड्रायव्हरला ती दिसली. त्याची बायको. स्टॉपवर रंगवलेल्या गोलात उभी, खांद्याला इस्पितळाची निळी पिशवी, आणि हात असा पुढे, की आत्ता गाडीचं नाकच धरेल.

आणि गाडी फुल्ल! साथ आल्यापासून एकाआड एक सीटवर लाल पट्ट्या, कंडक्टर धरून चोवीस माणसं, एक जरी जास्त चढलं तर दोघांचीही नोकरी गेली म्हणून समजा. काल तो असाच तिच्यासमोरून गाडी दामटत निघून गेला होता आणि मग रात्री घरात काय झालं ते विचारूच नका. "कुत्रं आडवं आलं तरी ब्रेक मारतोस रे," असं म्हणाली आणि रडायलाच लागली. इस्पितळात ती कपडे धुवायला, आणि तिथल्या धुलाईखात्याच्या साहेबाने सगळ्या बायकांना बजावलं होतं, आता एकदाही उशीर झाला तर परत तोंड दाखवू नका. रिक्षा बंद, टॅक्सी बंद, आणि चालत जायचं म्हणजे दुपार.

ड्रायव्हर तरी काय करणार? त्याच्याभोवती जाड प्लास्टिक, चारी बाजूंनी ठोकलेलं, आत नुसता घाम. मागचं बोलणं पुढे येत नाही, पुढचं मागे जात नाही. येते ती फक्त बेल. मागून कंडक्टर दोरी ओढतो. एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे चल, तीनदा म्हणजे गाडी भरली, थांबू नकोस. घरीसुद्धा हीच खोड! पोट भरलं की हा ताटावर चमचा तीनदा वाजवणार, आणि बायको म्हणणार, "कळलं, कळलं, फुल्ल!"

बेल वाजली. एकदाच.

त्याने असा ब्रेक मारला की अख्खी गाडी पुढे झुकली.

मागे कंडक्टर उभा राहिला होता. सगळे त्याला मामाच म्हणायचे. "उतरतंय का कोणी? बाईची नोकरी जाईल हो!"

पण मागची गाडीही भरूनच येणार, हे सगळ्यांना माहीत. एकूण एक माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. एकाने तेवढा मोबाईल वर धरला. "मी शूटिंग करतोय हां मामा. नियम म्हणजे नियम."

"कर बाबा. मास्क आहे तोवर मी देखणाच."

आणि मामा स्वतःच खाली उतरला! सरळ! "चढ पोरी. तिकिटं झालीत सगळ्यांची, दोरी तेवढी सांभाळ."

"मामा, अहो तुम्ही...?"

"मी येतो चालत. त्याच्या बेल तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ." मग मोबाईलवाल्याकडे वळून, "मोज रे. चोवीसच आहेत."

दोनदा बेल वाजली. हलकी, घाबरत घाबरत. ही मामाची नाही हे ड्रायव्हरला लगेच कळलं. त्याने आरशात पाहिलं तर मामाच्या जागी ती, दोरी घट्ट धरून, मास्कच्या वरचे डोळे हसणारे. तोही आत एकटाच हसला, प्लास्टिकवर वाफ धरली. कितीतरी दिवसांनी गाडी कशी अलगद निघाली.

आता मधे लांबवर एकच स्टॉप, मग इस्पितळ.

त्या स्टॉपकडे एक बाई धावत येत होती. खांद्याला तशीच निळी पिशवी. धुलाईखात्यातलीच, इस्त्रीवाली, हिच्या शेजारच्याच टेबलाची. तिला खिडकीतून ही दिसली, आणि काय आनंद झाला तिला! धावता धावताच हात हलवायला लागली. थांबव, थांबव!

ड्रायव्हरने पाय ब्रेकवर नुसता ठेवला, दाबला नाही. बेलची वाट बघत राहिला.

वाजली. एकदा. दोनदा. आणि मग, बऱ्याच वेळाने, तिसऱ्यांदा.

त्याने गाडी दामटली. काही वेळाने आरशात पाहिलं. दोरी अजून तिच्या मुठीतच होती, आणि तीही सगळ्यांसारखी खिडकीबाहेर बघत होती, दुसऱ्या बाजूच्या.