भोंग्याची बदली

भोंगा कितीही बोंबलला, तरी कामगार चालत्या पॅकिंग मशीनमध्ये हात घालायचेच. परवा एकाचं बोट थोडक्यात वाचलं, तेव्हा मशीनचा प्रोग्राम लिहिणाऱ्या इंजिनिअरची झोप उडाली. घरी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून त्याने मुद्दाम तापलेल्या कढईकडे हात नेला. आई कडाडली, "हात काढ आधी तिथून!"

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या जागी तोच आवाज बसला, आणि मशीनमध्ये हात घालायची कुणाची छाती होईना. मालक इतके खूश झाले, की त्यांनी आईंना कारखाना बघायला बोलावलं. शेडमध्ये पाऊल टाकत आईंनी मायेने विचारलं, "जेवलात का रे सगळे?"



फोरमनसकट सगळ्यांनी हात पाठीमागे लपवले.