मुलीकडची मंडळी

मनोरुग्णांच्या घरी जाणाऱ्या त्या नव्या पथकाला प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं, की पांढरे कोट घालायचे नाहीत, गाडी गल्लीच्या तोंडाशीच सोडायची आणि घरच्यांनी पुढे केलेली कॉफी नाकारायची नाही. साठ सालच्या बंगळुरातल्या मल्लेश्वरममध्ये सुलभाबाईंची त्यामुळे मोठीच सोय झाली. त्यांचा उपेंद्र खोलीचं दार लावून बसला होता तो बाहेर यायला तयार नव्हता, आणि शेजारच्या गंगव्वा तर कायम कुंपणाशी उभ्या.

"उपेंद्रला स्थळ आलंय. मुलीकडची मंडळी आहेत," सुलभाबाईंनी ठोकून दिलं.

मंडळी दर गुरुवारी येत राहिली. पथकातल्या डॉक्टरबाई बंद दाराशी सतरंजी टाकून उपेंद्रशी गप्पा मारत बसायच्या.

"एका मुलाला किती वेळा बघतात हो, अक्का?" गंगव्वा हसून विचारायच्या.

पावसाळा सरता सरता उपेंद्र दाढी करून पुन्हा कारखान्यात जायला लागला. मंडळींचं येणं थांबलं.

"नाही जमलं हो ते स्थळ," सुलभाबाईंनी सांगून टाकलं.

इकडेतिकडे बघत गंगव्वा कुंपणावरून वाकल्या आणि हळूच म्हणाल्या,



"असू दे, अक्का. त्या मंडळींना एकदा आमच्याकडेही पाठवा. आमच्या यजमानांना बघायला."