देवी थोडी डावीकडे

"देवीचं मुख पाहिल्याशिवाय अन्न नाही, व्रत आहे माझं." आईने ताट सारलं. तिच्या नजरेत मधोमध काळा डाग बसला होता. उपाशीपोटी रक्तातली साखर उतरत चालली होती.

संगणकावर कार्टून करणाऱ्या मृण्मयीने घाईघाईने कुलदेवीचं मुख चितारून पडद्याभर मोठं केलं.

"काळंच आहे गं."

मृण्मयीला रडू फुटलं. दाराकडे तोंड फिरवत आई म्हणाली, "डोळे पूस आधी."

"तुला दिसलं?"

"समोर बघितलं की नाहीशी होतेस. दाराकडे बघितलं की कडेला दिसतेस."

मृण्मयीने मुख थोडं लहान करून पडद्याच्या डाव्या कडेला सरकवलं. "आता उजवीकडच्या समईकडे बघ."

आईने समईकडे नजर लावली आणि करवादली, "अगं, नथ कुठंय देवीची?"

चितारायची राहूनच गेली होती. मृण्मयीने घास पुढे केला. आईने हात जोडून आ केला.